एल की बिअर? शतकागणिक बदलत गेलेलं उत्तर

पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली आणि जागच्या जागी बिअर बनवून देणाऱ्या मायक्रोब्रुअरी महाराष्ट्रात हळूहळू ओळखीच्या झाल्या. त्याआधी बिअर म्हटलं की आपल्याला भेद दोनच ठाऊक: माइल्ड आणि स्ट्राँग. आता मेन्यूकार्डावर पेल एल, स्टाउट, पिल्सनर, व्हीट बिअर अशी नावं ओळीनं दिसतात आणि एक प्रश्न हमखास पडतो. एल म्हणजे बिअरच, की वेगळं काही?

आजचं उत्तर एका वाक्यात संपतं: एल हा बिअरचाच एक प्रकार. पण हेच वाक्य १४५० च्या सुमारास लंडनमध्ये कुणी म्हटलं असतं, तर एल बनवणाऱ्यांनी ते धडधडीत चूक ठरवलं असतं. त्यांच्या लेखी एल वेगळी आणि बिअर वेगळी. बिअर तर समुद्रापलीकडून आलेली. त्याच्याही पाचशे वर्षं मागे गेलं, तर तिसरंच उत्तर मिळतं. शब्द तेच राहिले, पण त्यांनी दाखवलेली वस्तू बदलत गेली. म्हणून ‘खरा फरक काय’ असं विचारण्याआधी ‘कोणत्या काळातला’ हे विचारावं लागतं.

पेय बनतं कसं

बार्ली, म्हणजे जव, भिजवून तिला मोड आणतात. मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात जी पिठूळ भागाची साखर करू शकतात. मग दाणे वाळवतात. या वाळवलेल्या, मोड आलेल्या धान्याला मॉल्ट म्हणतात. मॉल्ट भरडून गरम पाण्यात मुरवलं की गोड पाणी मिळतं. ते उकळताना त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालतात. पाणी थंड झालं की यीस्ट सोडतात. यीस्ट हे एकपेशीय जीव; ते साखर खातात आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतात. यालाच किण्वन म्हणायचं.

आजची विभागणी या शेवटच्या पायरीवर झाली आहे. एका जातीचं यीस्ट साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसला जोमानं काम करतं आणि फेसाबरोबर वर जमतं. त्यानं बनते ती एल. दुसरं यीस्ट ७ ते १३ अंशांच्या गारव्यात सावकाश काम करतं आणि तळाशी बसतं. त्यानं बनते ती लागर. उबेत झालेल्या किण्वनात फळांसारखे गंध तयार होतात, म्हणून पुष्कळ एलना केळ्याचा, सफरचंदाचा किंवा लवंगेचा वास जाणवतो. लागर चवीला स्वच्छ, सरळ लागते. स्टाउट, पोर्टर, पेल एल आणि बहुतेक व्हीट बिअर या एलच्या घरातल्या. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या बाटल्यांपैकी बहुसंख्य लागर आहेत, लेबलावर नुसतं ‘बिअर’ लिहिलेलं असलं तरी.

म्हणजे बिअर हे कुळाचं नाव, आणि एल व लागर या त्याच्या दोन शाखा. मेन्यूकार्ड वाचायला एवढं पुरतं. पण ही व्यवस्था जेमतेम दीडशे वर्षांची आहे आणि हे दोन शब्द हजार वर्षांहून जुने.

‘एल’ कुठून आला

जुन्या इंग्रजीत ‘एआलु’ आणि जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, ‘ओल’. आजही डॅनिश, नॉर्वेजियन आणि स्वीडिश लोक बिअरला त्याच शब्दाचं आजचं रूप वापरतात. शेजाऱ्यांनीही तो घेतला: लिथुआनियन आणि लॅटव्हियन भाषांत ‘अलुस’, फिनिशमध्ये ‘ओलुत’. फिनिश तर या भाषांच्या कुळातलीसुद्धा नाही, तरी शब्द तिच्यात रुजला. बाल्टिक समुद्राभोवती या पेयाची देवाणघेवाण किती जुनी असेल, याची कल्पना यावरून येते.

त्यामागचं मूळ काय, यावर एकमत नाही. एक मत सांगतं की मुळात अर्थ ‘कडू’ असावा. लॅटिनमध्ये तुरटीला असलेला ‘अलुमेन’ हा शब्द त्याच धातूचा मानतात. दुसरं मत नशा, भारलेपण, मंत्र या अर्थांकडे जातं. स्कँडिनेव्हियात सापडलेल्या पाचव्या-सहाव्या शतकांतल्या सोन्याच्या पदकांवर रूनिक लिपीत ‘अलु’ असं कोरलेलं आढळतं. ते रक्षणासाठी घातलेलं मंत्राक्षर असावं असं अनेक अभ्यासक मानतात. तो शब्द आणि पेयाचं नाव एकच का, हा वाद मात्र मिटलेला नाही.

या शब्दाचा एक अवशेष इंग्रजीत अगदी उघड्यावर आहे आणि मला तो फार आवडतो. लग्नाशी संबंधित गोष्टींसाठी वापरला जाणारा ‘ब्रायडल’ हा शब्द मुळात ‘ब्राइड-एल’, म्हणजे नवरीची एल. एल हा शब्द पेयावरून त्या पेयाभोवती जमणाऱ्या मेजवानीला लागला होता. चर्चसाठी निधी जमवायच्या उत्सवाला ‘चर्च-एल’ म्हणत. नॉर्वेत अंत्यविधीनंतरच्या जेवणाला अजून ‘ग्रावओल’ म्हणतात, म्हणजे कबरीची एल.

आणि ‘बिअर’?

इथे दोन तर्क समोरासमोर आहेत.

पहिला असा की लॅटिनमधल्या ‘बिबेरे’, म्हणजे पिणे, या क्रियापदावरून मठांच्या बोलीत ‘बिबेर’ म्हणजे ‘पेय’ हा शब्द झाला आणि तोच जर्मन मुलखात ‘बिओर’ बनला. मध्ययुगात मठांतले साधू मोठ्या प्रमाणावर बिअर बनवत, त्यामुळे हा मार्ग शक्य वाटतो. दुसरा तर्क बार्लीकडे बोट दाखवतो: जर्मॅनिक भाषांत बार्लीसाठी एक जुना शब्द होता (नॉर्समध्ये ‘बिग्ग’), त्याच्याच नात्यातला हा शब्द असावा.

पहिल्या तर्कावर आक्षेप असा की लॅटिनमध्ये या पेयाला ‘सेर्व्हिसिया’ हा स्वतंत्र शब्द होता. मग साधूंनी नुसतं ‘पेय’ का म्हणावं? याचं उत्तर स्लाव भाषा देतात. रशियन, चेक, पोलिश या सगळ्यांत बिअरला ‘पिव्हो’ किंवा त्याचं भावंड असलेला शब्द आहे आणि तो ‘पिणे’ या धातूवरूनच आला आहे. रोज प्यायचं म्हणून जे ठरलेलं असतं, त्याला ‘पेय’ हेच नाव चिकटणं अगदी साहजिक आहे. लॅटिन ‘बिबित’ आणि संस्कृत ‘पिबति’ हे एकाच मूळ क्रियापदाचे दोन वंशज, आणि आपलं ‘पिणे’ त्या ‘पिबति’चं. पहिला तर्क खरा असेल, तर बिअर आणि पिणे हे शब्द दूरचे नातेवाईक ठरतात. ‘पिव्हो’चं नातं तर तर्काचा आधार न घेताही पक्कं आहे.

सुरुवातीला दोन्ही एकच होत्या का?

नॉर्स भाषेतल्या एका जुन्या कवितेत, ‘अल्व्हिसमाल’मध्ये, थोर हा देव अल्व्हिस नावाच्या बुटक्याला एकेका वस्तूची वेगवेगळ्या लोकांतली नावं विचारतो. या पेयाबद्दल अल्व्हिस सांगतो: माणसं याला ‘ओल’ म्हणतात, देव ‘ब्योर’. म्हणजे त्या कवीच्या कानाला वस्तू एकच होती. एक शब्द रोजचा आणि दुसरा भारदस्त.

इंग्लंडमध्ये चित्र वेगळं होतं. तिथे जुन्या शब्दसूचींत ‘बेओर’साठी लॅटिन प्रतिशब्द दिला आहे तो मधाच्या गोड मद्याचा. त्यामुळे हे पेय गोड, कडक, कदाचित फळांपासूनही बनणारं असावं, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. नॉर्मन आक्रमणानंतर, म्हणजे १०६६ नंतर, हा शब्द इंग्रजीतून जवळजवळ लुप्त झाला. पुढची तीन शतकं इंग्लंडमध्ये राज्य एलचं होतं: मॉल्ट, पाणी आणि यीस्ट, बस्स. हॉप्स नाहीत.

ही एल काही दिवसांतच आंबट व्हायची. म्हणून ती सतत, थोडी थोडी, घरोघरी बनायची, आणि बनवणाऱ्या बहुतेक बायका असत. घरची गरज भागवून उरलेली एल त्या विकत. तेराव्या शतकात राजानं एलचा भाव धान्याच्या भावाला बांधून देणारा कायदा केला. गावोगावी एल चाखून तिचा दर्जा तपासणारे अधिकारी नेमले जात. पाव आणि एल या दोन जिनसांवर एकच कायदा होता, यावरून एल हे चैनीचं पेय नसून रोजचं अन्न होतं हे कळतं.

हॉप्सनं घडवलेला फरक

हॉप्स ही भांगेच्या कुळातली वेल. नशा मात्र तिच्या फुलांत नसते. असतात ती कडवट द्रव्यं. उकळल्यावर ती पेयात उतरतात आणि पेय आंबवणाऱ्या जिवाणूंना वाढू देत नाहीत. हॉप्स पेय टिकवतात हे बाराव्या शतकात हिल्डेगार्ड या जर्मन साध्वीनं लिहून ठेवलं होतं. पुढच्या दोन शतकांत ब्रेमेन, हाम्बुर्गसारख्या बंदरांनी हॉप्स घातलेली बिअर पिंपांत भरून दूरवर पाठवायला सुरुवात केली. तिथून ती आजच्या नेदरलँड्स-बेल्जियमच्या मुलखात पोचली आणि १४०० च्या आसपास खाडी ओलांडून इंग्लंडच्या बंदरांत.

पेयाबरोबर त्याचं नावही आलं. डच ‘बिअर’ असाच शब्द वापरत, आणि इंग्रजांचा विसरलेला शब्द असा परदेशी माणसांच्या तोंडून परत आला. यावेळी त्याला नेमका अर्थ होता: हॉप्स असतील तर बिअर, नसतील तर एल. १४५० चा एल बनवणारा ज्या फरकासाठी भांडला असता तो हाच.

भांडण झालंही. हॉलंड आणि झीलंडहून आलेल्या बिअर बनवणाऱ्यांना लंडनमध्ये इतका त्रास झाला की १४३६ मध्ये सहाव्या हेन्रीला त्यांच्या संरक्षणासाठी आज्ञापत्र काढावं लागलं. बिअर आरोग्याला चांगली आहे, विशेषतः उन्हाळ्यात, असं त्यात मुद्दाम म्हटलं होतं. तरी शंभर वर्षांनंतर, १५४२ मध्ये, अँड्र्यू बोर्ड हा वैद्य लिहितो की एल हे इंग्रज माणसाचं नैसर्गिक पेय, बिअर हे डच माणसाचं, आणि बिअरमुळे कितीतरी इंग्रजांचं नुकसान होतं आहे.

बोर्डचं म्हणणं टिकलं नाही, कारण हिशेब बिअरच्या बाजूनं होता. १५७४ मध्ये रेजिनाल्ड स्कॉटनं हॉप्सच्या लागवडीवर लिहिताना आकडे दिले: एक बुशेल (धान्याचं जुनं इंग्रजी माप) मॉल्टपासून एल निघते ८-९ गॅलन, बिअर १८-२० गॅलन. हॉप्सशिवाय पेय टिकवायचं तर ते कडक करावं लागे, म्हणजे जास्त मॉल्ट घालावं लागे. हॉप्स घातले की पातळ पेयही टिकतं. दुप्पट माल, शिवाय तो साठवता येतो आणि जहाजावर चढवता येतो. ज्याच्याकडे मोठी भांडी आणि भांडवल, त्याचा हा धंदा झाला. घरी थोडी थोडी एल करून विकणाऱ्या बायका यात मागे पडल्या. एका फुलानं बायकांच्या हातातला व्यवसाय मोठ्या कारखानदारांकडे नेला, ही मला या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. शब्दांच्या इतिहासात ती सहसा येत नाही.

मग पेल एल कडू कशी?

एल म्हणजे हॉप्सविना, हा भेद फार काळ शुद्ध राहिला नाही. एल बनवणारेही हळूहळू हॉप्स घालू लागले. काही काळ फरक प्रमाणाचा राहिला: कमी हॉप्सची ती एल, भरपूर हॉप्सची ती बिअर. अठराव्या शतकात तर नावं जवळजवळ उलटली. दगडी कोळशापासून केलेल्या कोकवर वाळवलेल्या फिकट मॉल्टची ‘पेल एल’ निघाली, आणि तिच्यात हॉप्स भरपूर.

इथे आपला देश या कथेत येतो. लंडनच्या पूर्वेला बो इथे जॉर्ज हॉजसन याची ब्रुअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीपासून जवळच. कंपनीच्या जहाजांचे अधिकारी त्याच्याकडून पिंपं घेत आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून कित्येक महिन्यांचा प्रवास करून ती मुंबई, मद्रास, कलकत्त्याला आणून विकत. हॉजसननं भारतासाठी नवं पेय शोधून काढलं, असं अनेकदा सांगितलं जातं; त्याला आधार नाही. भरपूर हॉप्स घातलेल्या, मुरवून प्यायच्या बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून होत्या. भारताच्या वाटेवर त्या टिकल्या, आणि पुढे ‘इंडिया पेल एल’ हे नाव रूढ झालं. आज मेन्यूवर दिसणारं आयपीए ते हेच, आणि कडवटपणासाठी ते ओळखलं जातं. बोर्डला हे पेय दाखवलं असतं तर त्यानं त्याला एल म्हणायला साफ नकार दिला असता.

लागर आली आणि पुन्हा वाटणी झाली

‘लागर’ हा शब्द जर्मन ‘लागर्न’वरून, म्हणजे साठवणे. बव्हेरियात थंड तळघरांत आणि गुहांत बिअर महिनोन्महिने मुरवत. १८४२ मध्ये बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, पिल्झेन शहरात योसेफ ग्रोल यानं फिकट मॉल्ट वापरून सोनेरी, पारदर्शक लागर बनवली. पिल्सनर हे नाव त्या शहराचं. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्टियन हान्सेन यानं यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी वाढवून दाखवली. त्यानंतर लागर जगभर सारख्या चवीची बनवता येऊ लागली.

लागरचं यीस्ट संकरित आहे. एलचं यीस्ट हे त्याचं एक पालक; दुसरं बरीच वर्षं सापडत नव्हतं. ते २०११ मध्ये अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाच्या जंगलात मिळालं, पुढे तिबेटमध्ये आणि आयर्लंडमध्येही. थंडी सोसण्याचा गुण लागरला त्या दुसऱ्या पालकाकडून मिळाला.

लागरनं बाजार व्यापल्यावर इंग्रजांना आपल्या जुन्या, उबेत होणाऱ्या बिअरसाठी वेगळं नाव हवं होतं. ‘एल’ हाताशी होताच. जर्मननं दोनांपैकी एकच शब्द ठेवला, डॅनिशनंही एकच. इंग्रजीनं दोन्ही राखले, आणि मोकळ्या पडलेल्या शब्दाला दर वेळी नवं काम दिलं: आधी हॉप्सचा भेद, मग यीस्टचा. ब्रिटनमध्ये १९७१ पासून ग्राहकांच्या चळवळीनं ‘रिअल एल’ हे नाव रुजवलं. ज्या पिंपातून वाढायची त्यातच शेवटपर्यंत किण्वन चालू असलेली, ती रिअल एल.

पण शब्दाचा मूळ अर्थ हाच खरा ना?

हा आक्षेप नेहमी येतो, आणि त्याला उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. ‘तेल’ हा शब्द ‘तीळ’वरून आला, मुळात तेल म्हणजे तिळाचंच. तरी शेंगदाण्याचं तेल म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. एका धान्याचं नाव सगळ्या जातीला मिळालं. बिअरचं तसंच झालं: एका खास पेयाचं नाव पुढे सगळ्या कुळाचं झालं. एलचा प्रवास उलटा, सगळ्यांवरून एका शाखेवर. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे आधी कोणताही रानपशू, नंतर फक्त हरीण, तसा.

एल जास्त कडक असते, हे खरं का?

नाही. इंग्लंडमधल्या ‘माइल्ड’ नावाच्या कितीतरी एल साडेतीन टक्क्यांच्या आत असतात आणि जर्मनीतली डॉपेलबॉक ही लागर सात टक्क्यांच्या वर जाते. रंगावरूनही ओळखता येत नाही. काळ्या लागर आहेत आणि फिकट एलही.

हा समज पसरायला कायदेही कारण झाले. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात वजनाच्या हिशेबानं ४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असेल तरच लेबलावर ‘बिअर’ लिहिता येई, त्याहून जास्त असेल तर ‘एल’ लिहावं लागे. त्यामुळे कडक लागरच्या बाटलीवरही ‘एल’ छापलं जायचं. २०११ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयानं ही सक्ती रद्द केली. भारतात २०१८ च्या अन्न सुरक्षा नियमांनी पाच टक्क्यांपर्यंत माइल्ड आणि त्यावर आठपर्यंत स्ट्राँग अशी रेषा ओढली आहे. तिचा एल-लागर भेदाशी काहीही संबंध नाही.

जिंजर एलचं काय, असंही विचारतात. आलं घालून आंबवलेलं घरगुती जिंजर बिअर अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये होतं. आज जिंजर एल किंवा जिंजर बिअर या नावांनी मिळणारी बहुतेक पेयं म्हणजे आल्याच्या चवीचा सोडा.

ताडी, हंडिया यांनाही बिअर म्हणायचं का?

व्याख्या धान्य आंबवण्याची आहे, म्हणून ताडी बसत नाही. ती झाडाचा रस आहे. मोहाची दारू फुलांची आणि वर ऊर्ध्वपातन केलेली, तीही नाही. झारखंडची हंडिया आणि अरुणाचलची अपोंग तांदळाच्या, त्यामुळे त्यांना इंग्रजीत सर्रास ‘राइस बिअर’ म्हणतात. पण त्यात धान्याला मोड आणत नाहीत. हंडियासाठी रानातल्या मुळ्या आणि तांदळाचं पीठ मिळून केलेली ‘रानू’ नावाची गोळी शिजवलेल्या भातात मिसळतात. त्या गोळीतली बुरशी भाताची साखर करते आणि यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल. साखर करायची ही वेगळी रीत आहे आणि ती स्वतंत्र नावाची हक्कदार आहे. संस्कृत ग्रंथांत धान्याच्या मद्याला ‘सुरा’ आणि आंबवणाऱ्या द्रव्याला ‘किण्व’ म्हटलं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात किण्व करायची कृतीही दिली आहे. शाळेच्या पुस्तकातला ‘किण्वन’ हा शब्द तिथूनच आला.